घरच्या बागेतल्या वसंताचे फोटो: मोगरा पांढरा ठिपका, जास्वंद लाल डाग. काय करावं?

तगरफूल (१७ मार्च, रात्री ९:४०)

मंडळी, फाल्गुन सरत आला आणि गच्चीवरच्या कुंड्या अंगात आल्यासारख्या फुलायला लागल्यात. मोगऱ्याला टपोऱ्या कळ्या, गावठी लाल जास्वंद रोज उमलतेय, लिंबाला फुलोरा, कढीपत्त्याला पांढरे तुरे, आणि बोगनवेलीची तर पानंच दिसेनाशी झालीयेत. डोळ्यांना जे दिसतं ते मोबाईलमध्ये मात्र काही केल्या उतरत नाही. मोगऱ्याच्या पाकळ्या वेगळ्या दिसतच नाहीत, हिरव्या पानांवर नुसता पांढरा ठिपका. जास्वंदीचा लाल डाग, त्यात ना शिरा ना पोत. गोकर्ण प्रत्यक्षात निळीशार, फोटोत जांभळी. शिवाय मागे पाण्याची टाकी, दोरीवरचे कपडे, शेजारच्यांची डिश अँटेना, सगळं हजर.

कॅमेरा घ्यायचा विचार चाललाय. त्याआधी इथे विचारावं म्हटलं: दोष साधनाचा की पद्धतीचा? चार प्रचि (प्रकाशचित्रं) खाली देतेय. मोकळेपणानं सांगा.

बोरकूट (१७ मार्च, रात्री ९:५२)

छान धागा! बोगनवेल झकास आलीये. मोगऱ्याला काय खत घालतेस ते आधी सांग, फोटोंचं मागाहून बघू.

अक्षांश१८ (१७ मार्च, रात्री १०:१५)

कुंडीची सावली कुंडीच्या बुडाशीच पडलीये, म्हणजे सूर्य डोक्यावर होता. अकरा-बाराला काढलेत का?

तगरफूल (१७ मार्च, रात्री १०:२१)

हो, साडेअकराच्या सुमारास. सकाळचं आवरून तेव्हाच मोकळी होते.

अक्षांश१८ (१७ मार्च, रात्री १०:५८)

मग कॅमेऱ्याचे पैसे तूर्त राहू देत. आपल्याकडच्या मार्चातल्या दुपारच्या उन्हात चांगला कॅमेराही हेच देईल.

मोगऱ्याचं असं होतं. फ्रेममध्ये फूल लहान आणि गडद पानं भरपूर. मोबाईल सगळ्याची सरासरी काढतो, त्याला वाटतं दृश्य काळोखं आहे, म्हणून तो उजेड वाढवतो. पानं छान दिसतात आणि फूल जळून जातं. एकदा पांढरा जळला की नंतर एडिट करून पाकळी परत येत नाही, कारण तिथे माहितीच साठलेली नसते. उपाय: स्क्रीनवर फुलावरच बोट दाबून धरा. फोकस आणि उजेड दोन्ही लॉक होतात. मग शेजारी येणारं सूर्याचं चिन्ह खाली ओढा, पाकळ्यांच्या कडा दिसायला लागेपर्यंत. पानं काळपट झाली तरी हरकत नाही, ती नंतर उजळता येतात.

जास्वंदीचा प्रकार वेगळा. कॅमेरा लाल, हिरवा आणि निळा असे तीन रंग वेगवेगळे मोजतो. गर्द लाल फुलात हिरवा-निळा जवळजवळ नसतोच, त्यामुळे एकूण उजेड बेताचा वाटतो, पण लाल मात्र केव्हाच काठोकाठ भरून वाहायला लागलेला असतो. पाकळीवरची घडी आणि शीर यांत फरक उरत नाही. तिथेही उजेड कमी करायचा, मोगऱ्यापेक्षाही जरा जास्तच. कॅमेऱ्याच्या भाषेत उणे एक, म्हणजे उजेड निम्मा. मोबाईलमध्ये रंग भडक करणारी 'व्हिव्हिड' छापाची सोय चालू असेल तर ती आधी बंद करा.

आणि वेळ बदला. सध्या साडेसहाच्या आसपास उजाडतं. त्यानंतरचा तास-दीड तास तुमचा.

मिरची_ठेचा (१७ मार्च, रात्री ११:०४)

त्या तास-दीड तासात डबा, दूध, शाळेची बस आणि पाणी भरणं असतं हो अक्षांशराव. फोटो काढायला गच्चीवर गेलं की खालून हाका. :) कृ.ह.घ्या. (कृपया हलके घ्या)

सुरंगी (१८ मार्च, सकाळी ६:३५)

मिरची_ठेचा, +१. पण उपाय आहे. मी दुपारीच काढते. पांढरं मलमलचं जुनं कापड दोन खुर्च्यांवर ताणायचं, फूल त्याच्या सावलीत आणायचं. ऊन गाळून येतं, कडक सावल्या जातात. कुंडी उचलण्यासारखी असेल तर त्याचीही गरज नाही, उत्तरेकडच्या भिंतीच्या सावलीत नेऊन ठेवायची. अंगणातल्या माणसाला ही सोय नसते, कुंडीवाल्यांना आहे.

अवांतर: आमच्याकडे वेंगुर्ल्याच्या बाजूला सध्या सुरंगीचे वळेसर (गजरे) बाजारात आलेत. झाड घराच्या मागेच आहे. फुलं फांदीला चिकटून घोसांनी येतात. कळ्या उन्हाआधी काढाव्या लागतात, नाहीतर उमलून जातात, म्हणून माणसं अंधारातच झाडावर चढतात. उजाडताना फांदीजवळ गेलं तर गोल कळी तडकून आतले पिवळे केसर बाहेर डोकावत असतात. तो क्षण मोबाईलमध्ये सुद्धा सुंदर येतो, फक्त हात फांदीला टेकवून स्थिर ठेवायचा.

थेम्सकाठी (१८ मार्च, दुपारी १:४०)

सुरंगीताई, वळेसर वाचूनच वास आला.

इकडे लंडनात उलटा प्रकार. मागच्या अंगणात डॅफोडिल उभे आहेत, ट्युलिपच्या कळ्या वर आल्यात, आणि ऊन बघायला मिळत नाही. पण फुलांच्या फोटोंना हे ढगाळ आभाळ वरदान आहे. पूर्ण आकाशच दिवा होतं, सावली जवळजवळ पडतच नाही, पिवळ्या रंगातल्या बारीक छटा टिकतात. ट्युलिपचं एक लक्षात ठेवावं लागतं: ऊब मिळाली की उमलतं, गारठा पडला की मिटतं. त्यामुळे आतलं काळं-पिवळं बूड हवं असेल तर दुपारीच काढावं लागतं. सकाळचा नियम त्याला लागू नाही.

डॅफोडिलला मी जमिनीवर आडवी होऊन, फुलाच्या उंचीला कॅमेरा आणून काढते. उभ्यानं खाली बघून काढलं की मागे माती येते. खाली उतरलं की मागे लांबचं कुंपण येतं आणि ते आपोआप धूसर होतं.

पिस्करवासी (१८ मार्च, संध्याकाळी ६:१०)

न्यू जर्सीहून. तुमच्याकडे निदान ट्युलिप कळीपर्यंत पोचतात. आमच्याकडे हरणं कळ्या खाऊन जातात, फोटोला देठ उरतात. डॅफोडिलला मात्र तोंड लावत नाहीत, ते विषारी असतात. म्हणून शरदात फुलझाडांचे कंद लावताना आता सगळे डॅफोडिलच.

मेलबर्नकर (१८ मार्च, संध्याकाळी ६:४५)

आमचा वसंत सप्टेंबरात. १ सप्टेंबरला इथे वॉटल (पिवळ्या फुलांची बाभूळ) दिवस साजरा करतात, तेव्हा हा धागा मी वर काढेन. वाखु (वाचनखूण) साठवली.

जुना_फिल्मवाला (१८ मार्च, रात्री ८:३०)

तगरफूल, तुमच्या फोटोंमध्ये मला उजेडाइतकीच मागची गर्दी खटकली. त्यावर लिहितो.

आम्ही स्लाइड फिल्मवर शिकलो. रोलमध्ये ३६ चित्रं, आणि १९९० साली फुजीची वेल्व्हिया फिल्म आल्यावर तर लाल-हिरवा असा चढायचा की थोडा उजेड जास्त झाला तरी फूल गेलंच समजा. त्यामुळे बटण दाबण्याआधी चौकटीच्या चारही कडांवरून नजर फिरवायची सवय लागली. फूल कुणालाही दिसतं. कोपऱ्यातला प्लास्टिकचा मग दिसायला सराव लागतो.

गच्चीवर सर्वांत सोपी पार्श्वभूमी म्हणजे जुनी काळी छत्री. उघडून फुलामागे तीन-चार फुटांवर, सावलीत ठेवा. टाकी, कपडे, डिश सगळं गडप. मोगरा, तगर, अनंत यांच्या पांढऱ्यावर तर ती फारच खुलते. दुसरी युक्ती म्हणजे जवळ जाण्याऐवजी मागे सरका आणि दोन-तीन पट झूम वापरा. मागचा भाग कमी येतो आणि जास्त धूसर होतो. मोबाईल फुलाला टेकवला की काही फोन आपणहून रुंद कोनाच्या भिंगावर जातात. मग मागची अर्धी गच्ची येते आणि आपल्याच हाताची सावली फुलावर पडते.

इमोजेन कनिंगहॅम नावाची मोठी अमेरिकन छायाचित्रकार होऊन गेली. मुलं लहान, घर सोडून लांब जाता येत नव्हतं, म्हणून तिनं स्वतःच्या बागेतली फुलं टिपायला घेतली. १९२५ सालचं तिचं मॅग्नोलियाचं चित्र आज जगभरच्या संग्रहालयांत आहे. मिरची_ठेचा, डबा आणि बसच्या मधल्या वेळातही काम होतं ते असं.

मिरची_ठेचा (१८ मार्च, रात्री ८:५१)

काका, दंडवत. उद्या छत्री शोधतो.

पानकिडा (१८ मार्च, रात्री ९:२०)

काळी पार्श्वभूमी मला नेहमीच पटत नाही. फूल स्टुडिओत नेल्यासारखं होतं आणि बाग नाहीशी होते. घरच्या बागेचा फोटो असेल तर मागे धूसर का होईना, पानं असावीत, आणि एखादी मुंगी सुद्धा असावी. मी तर फुलांपेक्षा त्यांच्यावर येणाऱ्यांसाठीच थांबतो. जास्वंदीवर शिंजीर येतो तेव्हा तो बहुतेक वेळा समोरून तोंड घालत नाही, बुडाशी बाजूनं चोच खुपसून मध घेतो. परागीभवनाचं काम टाळून नुसता मध पळवतो. हे मला फोटो मोठे करून बघताना नीट कळलं.

तगरफूल, तुमचा तिसरा फोटो मोठा करून बघा. जास्वंदीच्या कळीखाली देठाला पांढरं पिंजल्यासारखं दिसतंय, तो पिठ्या ढेकूण आहे. आत्ता थोडाच आहे, जुन्या दातघासणीनं साबणाच्या पाण्यात काढून टाका, वर निंबोळी अर्क मारा. आठवड्यानं परत बघा.

तगरफूल (१८ मार्च, रात्री ९:३३)

अगं बाई! खरंच की. वर जाऊन टॉर्च लावून पाहिलं, तीन फांद्यांवर आहे. फोटोचा हा उपयोग लक्षातच आला नव्हता. धन्यवाद पानकिडा.

बोरकूट (१८ मार्च, रात्री ९:४०)

मोगऱ्याच्या कळ्या जांभळट पडून गळतात, तोही किड्याचाच प्रकार का?

पानकिडा (१८ मार्च, रात्री ९:५५)

बहुतेक कळी पोखरणारी अळी. जांभळट कळ्या दिसतील तेव्हा तोडून नष्ट करा, झाडाखाली पडलेल्याही वेचा. आणि तुमच्या आधीच्या प्रश्नाचं: मोगऱ्याला खतापेक्षा थंडीतली छाटणी आणि त्या काळात कमी केलेलं पाणी जास्त लागू पडतं. नव्या फुटीवर कळ्या येतात.

निशिगंधा_जे (१९ मार्च, सकाळी ७:१५)

माझी पद्धत सांगते, कुणाला पटेल न पटेल. देवपूजेची फुलं काढलेलीच असतात. परडी पूर्वेच्या खिडकीत ठेवते, पडदा ओढून घेते, एका बाजूला थर्माकोलचा पांढरा तुकडा उभा करते म्हणजे अंधारी बाजू उजळते. वारा नाही, घाई नाही. फोटो झाले की फुलं देवाला. फवारणीच्या बाटलीनं चार थेंब उडवले की आणखी टवटवीत दिसतात.

पानकिडा (१९ मार्च, सकाळी ८:०२)

परडी ठीक. पण थेंब उडवून दव म्हणून दाखवणं मला खोटं वाटतं. मार्चात आपल्या गच्चीवर कुठलं आलंय दव?

निशिगंधा_जे (१९ मार्च, सकाळी ८:२०)

दव म्हणून कोण दाखवतंय? झाडाला पाणी घालताना पाकळ्यांवर थेंब पडतातच. पाणी घातल्यावर काढलेला फोटो खोटा कसा?

जुना_फिल्मवाला (१९ मार्च, सकाळी ९:१०)

दोघांचंही ऐकलं. मी निशिगंधाताईंच्या बाजूनं. फोटोखाली 'पहाटेचं दव' असं लिहिलं तर चूक, एरवी पाणी ते पाणी. थेंब घेणारच असाल तर एक गंमत करून बघा. पानाच्या टोकाला लोंबणाऱ्या थेंबामागे थोड्या अंतरावर दुसरं फूल ठेवा आणि फोकस थेंबाच्या आत करा. थेंब भिंगाचं काम करतो, मागचं अख्खं फूल त्यात उलटं आणि चिमुकलं दिसतं.

थेम्सकाठी (१९ मार्च, दुपारी २:०५)

हे करून पाहिलं, डॅफोडिलवर. झब्बू (उत्तरादाखल माझा फोटो) देतेय. थेंबात पिवळा तारा दिसतोय बघा!

आडवा_चाफा (१९ मार्च, रात्री १०:३०)

धागा आत्ता वाचला. मूळ प्रश्नात कॅमेऱ्याचा उल्लेख होता, त्यावर कुणीच फार बोललं नाही. मोबाईलनं भागतं हे खरं, पण मोगऱ्याच्या पाकळीचा पोत किंवा लिंबाच्या फुलातले केसर हवे असतील तर कॅमेऱ्यानं फरक पडतोच. नवा महागडा घ्यायची गरज नाही. कपाटात जुना डीएसएलआर (भिंग बदलता येणारा कॅमेरा) आणि ५० मिमीचं भिंग असेल तर मध्ये २५ मिमीची एक्स्टेंशन ट्यूब (भिंग कॅमेऱ्यापासून लांब नेणारी नळी) लावा. तिच्यात काच नसते, नुसती पोकळ नळी, त्यामुळे स्वस्त. २५ भागिले ५०, म्हणजे वस्तू सेन्सरवर (कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या पट्टीवर) निम्म्या आकाराची उमटते. ३६ मिमी रुंदीच्या सेन्सरवर ७२ मिमीची चौकट, त्यात मोगऱ्याचा झुबका आरामात बसतो.

पण तिथे नवा त्रास सुरू होतो. इतक्या जवळ, एफ ८ वर (भिंगाचं छिद्र बरंच लहान करूनही), जेमतेम तीन मिलिमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो. पूर्ण आकाराला (वस्तू जेवढी, तेवढीच सेन्सरवर) गेलात तर एकच मिलिमीटर. त्यामुळे फुलाकडे कुठून बघायचं हे ठरवावं लागतं. जास्वंदीचा दांडा समोरून काढला तर टोकाच्या पाच लाल मखमली टिकल्या स्पष्ट आणि खालचे पिवळे पराग गायब. बाजूनं, दांड्याला समांतर कॅमेरा धरला तर टोकापासून बुडापर्यंत सगळं येतं. मोबाईलच्या पोर्ट्रेट मोडमध्ये नेमका हाच दांडा अर्धवट पुसला जातो, कारण मागचा भाग सॉफ्टवेअर अंदाजानं धूसर करतं. फुलांना तो मोड नकोच.

वाऱ्याला उपाय: कुंडीत एक काडी खोचा आणि कपड्यांच्या चिमट्यानं देठ तिला हलकाच धरून ठेवा, चौकटीच्या बाहेर. शटर १/२५० सेकंद किंवा त्याहून जलद. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) वाढला तर वाढू दे.

तगरफूल (२० मार्च, रात्री ९:१५)

अहो, कपाटात खरंच जुना कॅमेरा आहे! नवऱ्याला ट्यूबचं सांगितलंय.

तोवर मोबाईलवर तुमचं सगळं करून पाहिलं. सकाळी सातला, मलमलचं कापड, काळी छत्री, फुलावर बोट दाबून उजेड खाली. हे नवे प्रचि. मोगऱ्यात आता थरावर थर दिसतायत, आतल्या पाकळीची सावली बाहेरच्या पाकळीवर पडलेली दिसतेय. जास्वंदीच्या शिरा मोजता येतील! पानकिडा, तुमच्यासाठी एक छत्रीविना, मुंगीसकट काढलाय.

पण गोकर्ण अजून जांभळीच. आणि मोगऱ्याच्या एका फोटोत पाकळ्यांना हिरवट झाक आलीये. ती कुठून?

अक्षांश१८ (२० मार्च, रात्री ९:४८)

वा, काय बदल आहे! मोगरा फ्रेम करून लावा.

हिरवट झाक: वर हिरवी शेडनेट बांधलीये का? तिच्यातून गाळून येणारा उजेड हिरवा होतो आणि पांढऱ्या फुलात तो लगेच दिसतो. कुंडी जाळीबाहेर काढा. ते शक्य नसेल तर फुलाजवळ कोरा पांढरा कागद धरून एक फोटो घ्या, आणि एडिट करताना व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंगांचा तोल) त्या कागदावरून ठरवा. तीच नोंद बाकी फोटोंना लावता येते.

गोकर्ण: सावलीतला उजेड निळसर असतो. फोन आपणहून तो 'दुरुस्त' करायला जातो आणि चित्रात पिवळा-लाल मिसळतो. निळ्यात लाल मिसळला की जांभळा. फोनच्या प्रो मोडमध्ये व्हाइट बॅलन्स 'उन्हाचा' असा पक्का करून ठेवा, किंवा रॉमध्ये (प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) काढून नंतर रंगाच्या तापमानाची पट्टी निळ्याकडे सरकवा. फूल हातात धरून स्क्रीनशी ताडून बघा. फोनचा निळा आणि फुलाचा निळा शंभर टक्के जुळणार नाही, पण जांभळा नक्की जाईल.

तगरफूल (२० मार्च, रात्री ९:५५)

शेडनेटच! अगदी डोक्यावर आहे. काल चैत्रातल्या उन्हाच्या तयारीनं दुसरा पदरही बांधला.

सुरंगी (२० मार्च, रात्री १०:१०)

एक सुचवू? फोटोंना तारखा असतातच. दरवर्षी मोगऱ्याची पहिली कळी, लिंबाचा पहिला फुलोरा, पहिली जास्वंद असे वेगळ्या फोल्डरमध्ये टाकत जा. आमच्या घरी कोकमाच्या आणि आंब्याच्या मोहोराचं असं आम्ही जपलंय, कुठल्या वर्षी उशिरा आला ते लगेच सांगता येतं. आवारात मोठी झाडं असतील तर सीझनवॉच म्हणून भारतभरचा उपक्रम आहे. त्यात पान, फूल, फळ कधी कुठल्या अवस्थेत आहे याच्या नोंदी कुणीही करू शकतं.

पानकिडा (२० मार्च, रात्री १०:२२)

शंभर टक्के अनुमोदन. आणि मुंगीवाला फोटो सर्वांत आवडला, ती पाकळीच्या कडेवर थांबलीये नेमकी.

तगरफूल (२१ मार्च, दुपारी ४:०५)

सुरंगीताई, आजच फोल्डर केलं. अजून एक हाव आहे. मोगऱ्याची कळी संध्याकाळी उमलताना टाइमलॅप्स करता येईल का? मोबाईलवर?

आडवा_चाफा (२१ मार्च, दुपारी ४:४०)

येईल. कुंडी घरात आणा, नाहीतर फांदी हलत राहील. सूर्यास्ताचा उजेड सतत बदलतो, म्हणून खिडकीचा पडदा ओढून एकच दिवा लावा, तो शेवटपर्यंत तसाच. दुपारपर्यंत फुगून पांढरीशुभ्र झालेली कळी निवडा, हिरवट असेल तर ती आज उमलणार नाही. कळी चौकटीत जरा खाली ठेवा, उमलल्यावर जागा लागते. फोकस आणि उजेड लॉक. दर दहा सेकंदांना एक फोटो, तीन तास चालवलंत तर १०८० फोटो होतात, म्हणजे सेकंदाला ३० प्रमाणे ३६ सेकंदांची फिल्म.

मिरची_ठेचा (२१ मार्च, दुपारी ४:५२)

आणि पंखा बंद. मुलांना आधीच सांगून ठेवा.

जुना_फिल्मवाला (२१ मार्च, संध्याकाळी ५:१५)

फोन चार्जरला लावून ठेवा आणि विमान मोडवर टाका. मधेच कुणाचा फोन आला तर काही फोनमध्ये चित्रण थांबतं.

तगरफूल (२१ मार्च, संध्याकाळी ५:३०)

कुंडी आत घेतलीये, दोन कळ्या चांगल्या फुगल्यात. साडेपाच झाले, सुरू करते.